सात मिनिटांचा वाघ

परवा मुरबाडहून शहापूरला येताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर एक जाहिरात लागली. ढोल, धूर, विजा, आणि त्यातून एक वाघ उडी मारून आला. त्याच्यामागून दुसरा. दोघांच्या डोक्यावर शिंगं. एक घोगरा आवाज म्हणाला, "भाग दुसरा. पूर्वी कधीच न अनुभवलेलं. आता दोन व्याघ्रासुर!" शेजारच्यानं अंगठ्यानं जाहिरात वर ढकलली आणि तो क्रिकेटचा स्कोअर बघू लागला. माझं डोकं मात्र सरळगावपासून किन्हवलीपर्यंत तापलेलंच राहिलं. एका वाघाचे दोन वाघ केले की त्याला नवं म्हणायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात मला माहीत नाही. हरडबाई त्या जीपमध्ये असत्या तर त्यांनी मोबाईल हिसकावून घेऊन दोनच शब्द विचारले असते, "नवं काय?"

यमुना हरड. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे लॅबमध्ये त्या एकट्याच होत्या. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि माझं ग्रंथालय व त्यांची लॅब यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसतं प्लायवूड होतं. त्यामुळे बाईंची ओळख मला आधी कानांनी झाली. कॉलेज साडेचारला सुटायचं आणि बाईंच्या गावाला, वैशाखऱ्याला, जाणारी एसटी सहाला. एकदा मी पुस्तकं कपाटात लावत असताना पलीकडून आरोळी आली, "ढाल पुढं घे रे मेल्या! तुझ्या मागं चार माणसं मरतात ती दिसत नाय का तुला?"

मला वाटलं, बाई कुणाला तरी बडवतायत. धावत गेलो तर लॅब रिकामी. बाई कानांना हेडफोन लावून एकट्याच बसलेल्या. समोर त्यांचा स्वतःचा लॅपटॉप, शेजारी उघडा डबा, डब्यात तांदळाची अर्धी भाकरी. माझ्याकडे न बघता त्यांनी तळहात वर केला, थांबा म्हणून. मी थांबलो. पुढची अकरा वर्षं त्या तळहातासमोर मी असाच थांबत आलो.

त्या जे खेळत होत्या ते मला त्यांनीच समजावून दिलं. इंटरनेटवर एक खोटा मुलूख असतो. त्यात डोंगर, जंगलं, राक्षस, किल्ले. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्या मुलखात शिरतात. कुणी तलवारवाला होतो, कुणी जादूगार, कुणी धनुष्यवाला. बाई कायम वैद्य व्हायच्या. लढणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं आणि पडेल त्याला मंत्रानं बरं करायचं. त्यांचं तिथलं नाव होतं सुईण. बाईंची आई वैशाखऱ्याची आणि आसपासच्या पाड्यांची सुईण होती, तिचंच नाव त्यांनी लावलेलं. परदेशातल्या खेळाडूंना वाटायचं की हे कुठलं तरी कोरियन नाव आहे आणि बाईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

"आई म्हणायची, सुईणीनं घर बघायचं नाय," त्या सांगायच्या. "ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद, त्यांच्या घरी पण ती जायची. जो अडला त्याच्याकडं जायचं. मी तेच करते, फक्त बसल्या जागी."

अंगानं ठेंगण्या, रुंद, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. एसटी पकडायला धावावं लागतं म्हणून बूट. लॅपटॉप कापडी पिशवीत, डब्याच्या आणि छत्रीच्या मधे. लॅबच्या इंटरनेटला त्यांनी खेळासाठी कधी हात लावला नाही, आपल्या मोबाईलचं वापरायच्या. आणि राग नाकाच्या शेंड्यावर. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये परीक्षेची नवी पद्धत समजावून सांगितली तेव्हा सगळे वहीत लिहून घेत असताना बाई म्हणाल्या, "यात नवं काय सर? प्रश्न तेच, कागद जाड केला." प्राचार्य पुढचे दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

खेळांच्या बाबतीत हा प्रश्न त्या जास्तच कडकपणे विचारायच्या. दर दोन-तीन महिन्यांनी असा एखादा नवा खेळ यायचा आणि त्याच्या जाहिरातीत क्रांती, नवं युग असले शब्द असायचे. बाई तो उतरवून घ्यायच्या आणि त्यांची परीक्षा सुरू व्हायची. पहिल्या गावाबाहेर पहिलं जंगल लागलं की तिथे जायचं आणि काहीही न मारता अर्धा तास नुसतं उभं राहायचं. बघायचं, आपण काही केलं नाही तर या मुलखात काही घडतं का. हरीण पाण्यावर जातं का? गावातला माणूस संध्याकाळी घरी परततो का? बहुतेक वेळा काहीच घडायचं नाही. गावातला म्हातारा डोक्यावर कामगिरीची पिवळी खूण घेऊन तसाच उभा असायचा आणि जवळ गेलं की म्हणायचा, जंगलात लांडगे माजलेत, दहा मारून आण.

"परत दहा लांडगे!" बाई लॅपटॉप फाडकन मिटायच्या. "पंधरा वर्षं झाली सर, हा म्हातारा हलला नाय. गवताचं पातं न पातं हलवलंय मेल्यांनी, पण त्या गवतात कुणी गुरं चारत नाय."

एकदा मी वाद घातला. म्हटलं, मॅडम, माझ्या कपाटांतल्या कादंबऱ्यांमध्ये तरी दुसरं काय आहे? तेच प्रेम, तेच मरण. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. पण तुमचं पुस्तक दरवेळी असं ओरडतं का, की हे आजवर कधी झालंच नाय म्हणून?" मग त्याच पुढे म्हणाल्या, "आणि जे चांगलं होतं ते पण यांनी काढून टाकलं. पूर्वी एखाद्या गुहेत जायचं तर आधी माणसं गोळा करावी लागायची. आज मी तुझ्यासाठी येते, उद्या तू माझ्यासाठी. आमच्याकडं भातलावणीला सावड असते तशी. त्यात भांडणं व्हायची, सोयरिकी व्हायच्या. आता बटण दाबलं की कॉम्प्युटर चार अनोळखी माणसं आणून देतो. दहा मिनिटं मारामारी, मग जो तो आपल्या वाटेनं. रामराम पण नाय. ही मजुरी झाली सर, सावड नाय."

सगळ्याच नव्याला नावं ठेवणारी बाई नव्हती ती. एका खेळात खरोखरचे ऋतू होते. पावसाळ्यात नदीला पूर आला आणि पूल वाहून गेला, सगळ्यांसाठीच. पलीकडे अडकलेल्यांना तिथेच राहावं लागलं. बाई आठवडाभर खुशीत होत्या. स्टाफरूममध्ये त्यांनी स्वखर्चानं भजी मागवली, जे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. "हे बघा, हे नवं. जे गेलं ते गेलं." पण लोकांनी कंपनीकडे तक्रारी केल्या, आमची गैरसोय होते. पुढच्या सोमवारी पूल जागच्या जागी उभा. बाईंनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

आता त्या वाघाकडे येतो.

तीनेक वर्षांपूर्वी शहरातली एक कंपनी सह्याद्रीवर असा ऑनलाईन खेळ काढायला निघाली. त्यांना इथली माहिती हवी होती आणि इंटरनेटवर नव्या खेळांबद्दल परखड लिहिणारी ही सुईण वैशाखऱ्याची आहे हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. दोघं जण कॉलेजात आले. एक दाढीवाले साहेब, आणि अनघा नावाची मुलगी, जी खेळाचा प्रोग्राम लिहिणार होती. मला वाटलं बाई त्यांना हाकलून देतील. पण बाईंनी तीन दिवस रजा टाकली आणि त्यांना सिद्धगडाच्या पायथ्याचं जंगल दाखवलं. आश्विन महिना होता, म्हणून वाघबारशीला गावी नेलं. मीही गेलो.

त्यांच्या गावची वाघबारस अशी. गुराखी घरोघरून तांदूळ आणि गूळ गोळा करतात आणि गावाच्या शिवेवर, शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या लाकडी पाटापुढे खीर शिजवतात. एक जण वाघ होतो. बाकीचे त्याला काठ्या घेऊन, शिव्या देत शिवेपर्यंत पळवतात. तिथे त्याला अडवून विचारायचं, "आमच्या गुरांना हात लावशील?" तो म्हणतो, "नाय लावणार." मग पहिली खीर त्यालाच वाढायची. बाईंचे थोरले भाऊ, दामूदादा, पस्तीस वर्षं वाघ होत आलेले. साठी गाठलेला तो सडपातळ माणूस चार पायांवर असा काही धावला की दाढीवाले साहेब दोन पावलं मागे सरकले.

परत येताना बाई साहेबांना म्हणाल्या, "तुमाला नवं पाहिजे ना? हे घ्या. तुमच्या खेळात वाघ मारायचाच नाय. तो शिवेवर राहणार. खेळणाऱ्यांनी मिळून त्याचं खीर-पाणी करायचं. विसरले तर तो गावात येणार. कुणी मारलाच तर तो मेला, कायमचा, सगळ्यांसाठी. मग रानडुकरं वाढणार, भात खाणार. पुढं काय होईल ते तुमाला पण माहीत नसणार." साहेब म्हणाले, "ग्रेट, मॅडम, एकदम फ्रेश." अनघा वहीत भराभरा लिहीत होती. पुढे वर्षभर तिचे बाईंना फोन येत होते. वाघाला खीर कशी द्यायची, जखमी वाघाला वैद्यानं बरं करायचं का, असले प्रश्न. बाई प्लायवूडच्या पलीकडून तासतासभर उत्तरं द्यायच्या. इतक्या खुशीत त्यांना मी भज्यांनंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

खेळ बाजारात आणायचा कार्यक्रम कंपनीनं आमच्याच कॉलेजच्या सभागृहात ठेवला. स्थानिक संस्कृतीचा सन्मान, असं फलकावर लिहिलेलं. दामूदादा पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत. दिवे मालवले, पडद्यावर सिद्धगडाची सोंड उगवली. आणि धुरातून वाघ आला. शिंगांचा. लाल डोळ्यांचा. पन्नास तलवारवाले त्याच्यावर तुटून पडले, तो मेला, आणि त्याच्या पोटातून सोन्याची पेटी बाहेर पडली. पडद्यावर अक्षरं उमटली: व्याघ्रासुर, दर सात मिनिटांनी पुन्हा सज्ज. खाली लिहिलं होतं, विशेष आभार, यमुना हरड.

टाळ्या वाजत असतानाच बाई उभ्या राहिल्या. "शिंगं कुणी दिली त्याला?"

साहेब हसले. "मॅडम, गेम आहे. लोकांना मारायला काहीतरी लागतं ना."

"मारायला लागतं तर मला तिथं उभी करा आणि मारा! वाघाला शिंगं नसतात हे पहिलीतल्या पोराला कळतं. आणि हा मरत नाय, जगत पण नाय. हे तुमचं नवं? दहा लांडग्यांच्या जागी एक वाघ? माझं नाव काढा तिथनं."

"नाव आदरानं दिलंय."

"काढा म्हणते ना!"

प्राचार्य घामाघूम होऊन "हरडबाई, खाली बसा" म्हणत राहिले. बाई बसल्या नाहीत, दामूदादांना घेऊन निघाल्या. मी मागोमाग गेलो. अंगणात दादांनी टोपी काढून हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "यमुने, सात मिनिटांनी म्हंजे काय गो? दिवसाला किती वेळा मारतील मला?" बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा एकदाच पाहिलं, आणि सांगायला लाज नाही, मला त्या दाढीवाल्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आजही वाटते. पस्तीस वर्षं एक माणूस गुडघे फोडून घेत धावतो, आणि यांना त्यातनं दिसली ती सोन्याची पेटी.

नाव निघालं नाही. बाईंनी सात पत्रं पाठवली, आदरपूर्वक कळवतो अशी उत्तरं आली. गावात लोक बोलू लागले, हरडांच्या यमुनेनं वाघोबाला मारायला दिला म्हणून. मी सुचवलं, वकिलाला विचारू. बाई म्हणाल्या, "वकील नको. मी आत जाते." आणि साडेचारला त्यांनी तोच खेळ उघडला. नाव घेतलं सुईण.

दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी पलीकडून हाक आली, "सर, इकडं या. पळत या." मी गेलो. पडद्यावर तलवारींची झुंबड, मधे तो शिंगांचा वाघ गुडघे टेकलेला, मरायला आलेला. बाईंनी एक कळ दाबली. वाघाभोवती हिरवा उजेड झाला आणि वाघ उठून उभा राहिला.

"बरा होतोय तो," बाई कुजबुजल्या. त्यांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा तो उठला.

खेळाडू चक्रावले. कुणी शिव्या लिहिल्या, कुणी विचारलं, हे चाललंय काय? बाईंनी लिहिलं, याला मारू नका, हा शिवेवरचा आहे. चौथ्या दिवशी आणखी तीन वैद्य बाईंच्या शेजारी उभे राहिले, कोण कुठले देवाला ठाऊक. आठवड्यात वीस झाले. वाघ मरेना. तलवारवाले कंटाळून बसले, काही जण नुसते गप्पा मारू लागले, एकमेकांची गावं विचारू लागले. कोण कुठल्या वेळेला वाघाला सांभाळणार याच्या पाळ्या लागल्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, बघा. सावड." त्या खेळात खरोखर नवं असं काही घडलं असेल, तर ते त्या नऊ दिवसांत, आणि कंपनीनं ते केलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी अनघाचा फोन आला. बाईंनी स्पीकरवर टाकला. ती पोरगी रडत होती. वाघ तिनं आधी बाईंनी सांगितल्याप्रमाणेच रचला होता, गावाचा म्हणून, वैद्याला बरा करता येईल असा. शेवटच्या महिन्यात वरून हुकूम आला, राक्षस करा. तिनं शिंगं लावली, डोळे लाल केले, पण तो गावाचा आहे ही आतली नोंद बदलायची राहून गेली. "चुकून राहिली का गो, की ठेवलीस?" बाईंनी विचारलं. अनघा म्हणाली, "मॅडम, आज रात्री ती काढायला सांगितलीय. खूप तक्रारी आल्यात."

"मग काढू नको."

"मी नाही काढली तर दुसरा कुणीतरी काढेल."

"तुझा हात लागायला नको एवढंच म्हणते मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ती नोंद दुसऱ्या कुणीतरी काढली. अनघानं ती नोकरी सोडल्याचं पुढे कळलं. कंपनीनं सूचना लावली: एक त्रुटी दूर केली आहे. त्रुटी! सगळा खेळ तसाच्या तसा उचलेगिरीचा, आणि त्यातली एकुलती एक नवी गोष्ट म्हणजे यांना त्रुटी. हिरवा उजेड वाघावर पडेनासा झाला, वीस वैद्य एकेक करून पांगले, आणि दर सात मिनिटांनी सोन्याची पेटी पुन्हा पडू लागली. बाई आता तो लॅपटॉप उघडणार नाहीत अशी माझी समजूत झाली.

गेल्या आश्विनात मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी हार, नारळ, भाषणं उरकून मी पाच वाजता ग्रंथालयाच्या किल्ल्या द्यायला निघालो, तर पलीकडे कळा वाजत होत्या. दारातूनच बघितलं. सुईण रिकाम्या हातांनी वाघापुढे उभी होती, तलवारवाल्यांकडे पाठ करून. वाघाच्या लेखी आता तीही शत्रूच. त्यानं एक पंजा मारला आणि ती पडली. मागून तलवारी आल्या आणि तोही पडला. मेलेला खेळाडू जिथे पुन्हा उठतो त्या गावच्या देवळापाशी सुईण उठली आणि चालू लागली.

"मॅडम, मंत्र चालत नाही, मग कशाला जाता?"

त्यांनी तळहात वर केला. मी थांबलो. पडद्यावर पायवाट, करवंदीच्या जाळ्या, त्यातून चाललेली ती ठेंगणी बाई.

"देवळापासनं तिथवर चालायला सात मिनिटं लागतात सर," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मी पोचते तेवा तो पण उठलेला असतो. दादाला सांगितलंय मी, उठशील तेवा एकटा नसशील."

जंगल संपलं. मोकळ्या जागेत वाघ नुकता उभा राहत होता, आणि पलीकडून पन्नास जण तलवारी उपसून येत होते. बाईंनी हेडफोन नीट बसवला, पदर खोचला. "दार लावून घ्या, प्राचार्य अजून खाली आहेत," त्या मला म्हणाल्या, आणि माईक तोंडाजवळ ओढून त्यांनी त्या पन्नासांना वैशाखऱ्याच्या भाषेत जी आईबहिणीवरून सुरुवात केली, ती मला जिन्याच्या खालपर्यंत ऐकू येत होती.